घरच्या शाळेचे वेळापत्रक: आधी घर मोजा, मग तास आखा

गृहशिक्षणाचा निर्णय झाला की पहिल्याच रविवारी घरात एक तक्ता तयार होतो. सहा रकान्यांचा, स्केचपेनने रंगवलेला, नऊ वाजता मराठी, नऊ चाळीसला गणित, दहा वीसला परिसर अभ्यास अशी मांडणी असलेला तो तक्ता फ्रिजवर चिकटतो, आणि दुसरा आठवडा सरायच्या आत त्याच्या कडेला दुधाचा हिशेब लिहिला जाऊ लागतो. आमच्या घरी तो नऊ दिवस टिकला. त्यानंतर ज्या पालकांनी ‘आमचे वेळापत्रक चालत का नाही’ असे मला विचारले, त्यांच्या तक्त्यांत बहुतेक वेळा एकच चूक सापडली: तक्ता शाळेच्या इमारतीसाठी आखलेला होता आणि राबवायचा मात्र घरात होता. शाळेत घंटा द्यायला शिपाई असतो. घरात त्याच वेळी कुकरची शिट्टी होत असते, दारात कुरिअरवाला उभा असतो आणि आजोबांना चष्मा सापडत नसतो.

खाली दिलेला क्रम ६ ते १४ वर्षांची मुले असलेल्या घरांसाठी आहे. तो पूर्ण करायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. तक्ता सहाव्या पायरीवर येतो. तो आधी काढून मग उरलेल्या पायऱ्या त्यात बसवू पाहणारे लोक पुन्हा पहिल्या रविवारीच येऊन पोहोचतात.

## सुरुवातीपूर्वीची तयारी

एक दोनशे पानी वही, एक पेन्सिल आणि मुलांना दिसेल असे भिंतीवरचे काट्यांचे घड्याळ एवढ्यावर काम भागते. मोबाइलमधले नियोजनाचे ॲप सुरुवातीला टाळावे, कारण नोंद करायला फोन उचलला की आधी तीन निरोप वाचले जातात आणि नोंद राहून जाते.

वहीपेक्षा महत्त्वाची तयारी म्हणजे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी स्वतंत्र बोलणे. त्यांना ‘तुम्ही शिकवाल का’ असे विचारू नये. त्यावर ‘हो’ हेच उत्तर येते आणि ते पाळले जात नाही. ‘दिवसातला कोणता वेळ तुमच्या स्वतःसाठी हवा आहे’ असे विचारावे. माझ्या सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता ‘दुपारी दोन ते चार मला कुणी हाक मारायची नाही’ असे सांगितले. पुढे आमच्या आखणीत सर्वांत पक्की ठरलेली गोष्ट तीच होती.

## पायरी १: सात दिवस केवळ नोंद

पहिला आठवडा काहीही बदलू नका. घर जसे चालते तसे चालू द्या आणि दर तासाला एक ओळ लिहा: मूल काय करत होते, तुम्ही कुठे होतात, कोण आले, कोण गेले. शनिवार-रविवार वगळू नका. घरातल्या सुट्टीच्या दिवसांचा स्वभाव वेगळा असतो आणि तोही कागदावर यायला हवा.

नोंद त्रोटक असली तरी चालेल, मात्र खरी हवी. माझ्या वहीतली एका मंगळवारची ओळ अशी आहे: ‘१०.४०, कुकरची दुसरी शिट्टी, धाकटी स्टुलावर, मटारचे दाणे दहा-दहाचे गट करून मांडतेय, थोरला आंघोळीला गेला तो अजून बाहेर नाही.’ या एका ओळीने मला तीन गोष्टी सांगितल्या. धाकटी साडेदहानंतर स्वयंपाकघरात आपणहून टिकते, त्या वेळी माझे हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात, आणि थोरल्याची आंघोळ साडेदहाला ठेवणे म्हणजे सकाळचा चांगला अर्धा तास नळाखाली सोडून देणे आहे.

दिवसअखेरीस दोन खुणा करा. मूल ज्या वेळी न सांगता एखाद्या कामात गढले होते तिथे चांदणी, आणि ज्या वेळी रडारड, भांडण किंवा चिडचिड झाली तिथे फुली. सात दिवसांनी वही उघडल्यावर चांदण्या बहुधा एक-दोन ठराविक वेळांभोवती गोळा झालेल्या दिसतात. फुल्या बऱ्याचदा भुकेच्या अलीकडे असतात.

तपासणी: सातपैकी किमान पाच दिवसांच्या नोंदी पूर्ण आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका; आणखी तीन दिवस लिहा. आठवणीतून भरलेली नोंद उपयोगाची नसते, कारण आठवणीतले घर नेहमीच खऱ्या घरापेक्षा लवकर उठते.

## पायरी २: घरातल्या खुंट्या शोधणे

आपल्या मर्जीने न हलणारी प्रत्येक वेळ म्हणजे एक खुंटी. वेळापत्रक घड्याळाच्या आकड्यांना न टांगता या खुंट्यांना टांगायचे असते. नोंदवहीतून त्या वेगळ्या काढून एका पानावर उतरवा. घराघरांत त्या निराळ्या असतात, तरी पुढील गोष्टी तपासल्याशिवाय पान पूर्ण समजू नये: नळाला पाणी येण्याची वेळ, धुणे-भांड्याच्या मावशींची येण्याची वेळ, नोकरीवर जाणाऱ्यांची पाळी आणि कंपनीच्या बसची वेळ, घरून काम करणाऱ्यांच्या न चुकवता येणाऱ्या मीटिंगा, घरातल्या वृद्धांची पूजा, औषधे व वामकुक्षी, वीज जाण्याचा ठरलेला दिवस, आणि खाली मैदानात इतर मुले जमण्याची वेळ.

ही शेवटची खुंटी पालक बहुधा विसरतात. सोसायटीतली मुले साडेपाचला खाली उतरत असतील आणि तुमच्या तक्त्यात साडेपाचला इंग्रजी असेल, तर इंग्रजी होत नाही आणि खेळही धड होत नाही. शाळेत न जाणाऱ्या मुलासाठी तो तास सवंगड्यांचा आहे, म्हणून तो पाण्याच्या वेळेइतकाच पक्का धरावा.

काही खुंट्या जागा बदलतात. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते आणि माझ्या नवऱ्याची पाळी दर आठवड्याला पालटते: एका आठवड्यात तो पहाटे साडेपाचला घर सोडून दुपारी चारच्या सुमारास परततो, दुसऱ्या आठवड्यात दुपारी दोनला निघून मध्यरात्रीनंतर येतो आणि सकाळी साडेआठपर्यंत झोपलेला असतो. पहिले तीन महिने आम्ही दोन्ही आठवड्यांना एकच तक्ता लावत होतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी मोठ्याने पाढे म्हणायला बंदी येई, मुलांना ती बंदी शिक्षा वाटे आणि झोपमोड झाल्यामुळे बापाला ही शाळाच शिक्षा वाटे. ज्यांच्या घरी पाळ्या आहेत त्यांनी दोन तक्ते करणे हाच उपाय आहे. एकाच तक्त्यात दोन्ही आठवडे कोंबण्याचा खटाटोप करू नये.

सावधान: ‘आपण सगळे पाचला उठू’ ही खुंटी नव्हे, हा संकल्प आहे. मागच्या सात दिवसांत जे प्रत्यक्ष घडले तेच या पानावर यावे.

## पायरी ३: तासांचा प्रामाणिक हिशेब

आता किती वेळ लागतो हा प्रश्न. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टात शाळांसाठी पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसाला अनुक्रमे चार तास आणि सुमारे साडेचार तास. हा आकडा वाचून पालक घरीही चार तासांची बैठक आखतात. मात्र शाळेच्या त्या चार तासांत हजेरी, वह्या वाटणे, फळ्यावरचे उतरवून घेणे आणि वर्गातल्या इतर तीस-चाळीस मुलांची उत्तरे ऐकणे हे सगळे असते. घरी एका मुलाशेजारी एक मोठे माणूस बसलेले असते, त्यामुळे तेच काम बऱ्याच कमी वेळात उरकते.

माझ्या अनुभवात टिकलेले आकडे असे आहेत. ६ ते ८ वर्षांच्या मुलाला बसून करायचे काम दिवसाला दीड ते दोन तास, तेही पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत; ९ ते ११ वर्षांना अडीच ते तीन तास, अर्ध्या तासाच्या आसपासच्या तुकड्यांत; १२ ते १४ वर्षांना साडेतीन ते चार तास, ज्यातला निम्मा वेळ मुलाने एकट्याने काम करण्याचा असावा. स्वयंपाकातली मदत, बाग, सायकल, अवांतर वाचन आणि कंटाळा हे या हिशेबाबाहेर. कंटाळ्याचाही वेळ हवा. तो काढून टाकला की मूल दिवसभर ‘आता काय करू’ असे विचारत मागे फिरते.

आता वजाबाकी. नोंदवहीतल्या प्रत्येक मोकळ्या पट्ट्यातून पाचवा हिस्सा वगळा. बेरीज करताना हातचा धरतो तसा वेळापत्रकातही हातचा राखावा लागतो. दीड तासाचा पट्टा असेल तर सव्वा तासाचेही काम त्यात भरू नये, सत्तर मिनिटांचेच भरावे. उरलेल्या वीस मिनिटांत फोन, सांडलेले पाणी, हरवलेला खोडरबर आणि ‘आई, पण असे का?’ हा प्रश्न बसतो. त्या प्रश्नालाच वेळ नसेल तर मुलांना घरी शिकवण्याचे कारणच उरत नाही.

सावधान: मूल नुकतेच शाळेतून काढले असेल तर पहिले काही आठवडे वरच्या आकड्यांच्या निम्म्यानेच सुरुवात करा. घंटेच्या सवयीतून बाहेर येईपर्यंत मूल सुस्त दिसते. ते आळशी झाले असे समजून तास वाढवणे ही फार महागात पडणारी चूक आहे.

## पायरी ४: विषयांची वाटणी

सगळे विषय रोज घेऊ नयेत. तीन याद्या करा.

रोजची यादी सर्वांत छोटी ठेवावी: वाचन, गणित आणि थोडे लेखन. ज्यांत सवय महत्त्वाची आहे आणि आठवडाभर खंड पडला तर मूल मागे सरकते, एवढ्याच गोष्टी इथे येतात. पाढे, श्रुतलेखन आणि दुसऱ्या भाषेतले प्रकट वाचन हे या तिन्हींच्या पोटात जाते.

दुसरी यादी एक दिवसाआडची: परिसर अभ्यास किंवा विज्ञान, इतिहास, भूगोल. यांना वीस मिनिटांचे तुकडे मानवत नाहीत. नकाशा उलगडून, खंड दाखवून, पुन्हा गुंडाळून ठेवण्यातच पंधरा मिनिटे जातात; म्हणून आठवड्यातून दोनदा पाऊण तास द्यावा. तिसरी यादी आठवड्यातून एकदाची: चित्रकला, प्रयोग, ग्रंथालय, बाजारहाट आणि हिशेब. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, तेव्हा याद्या करताना त्या इयत्तेची अनुक्रमणिका समोर ठेवावी. मात्र प्रकरणांना वर्षाच्या तारखा लावत बसू नये. पुस्तक ही यादी आहे, रेल्वेचे वेळापत्रक नाही.

तपासणी: रोजच्या यादीत चारपेक्षा जास्त गोष्टी आल्या असतील तर एक काढा. कोणती काढावी हे ठरत नसेल, तर गेल्या महिन्यात जिच्यावरून सर्वाधिक वाद झाले ती एक दिवसाआडच्या यादीत न्या.

## पायरी ५: कोण कोणाजवळ बसणार

दोन किंवा अधिक मुले असलेल्या घरांत वेळापत्रक कोलमडते ते बहुतेक वेळा इथेच. प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक शब्द लिहा: ‘जवळ’, ‘हाकेवर’ किंवा ‘एकटे’. मोठ्या माणसाने शेजारी बसायलाच हवे असे काम ‘जवळ’. मोठे माणूस त्याच खोलीत दुसरे काही करत असले तरी चालते ते ‘हाकेवर’. मूल स्वतःच पुरे करते ते ‘एकटे’. नवे गणित ‘जवळ’ असते, त्याच गणिताचा सराव ‘हाकेवर’ असतो, झालेल्या धड्याचे मूकवाचन ‘एकटे’. सात वर्षांच्या मुलाच्या यादीत ‘एकटे’ जवळजवळ नसतेच, आणि ते असावे अशी अपेक्षाही धरू नये.

आता एकच नियम पाळा: एका मोठ्या माणसाच्या वाट्याला एकाच वेळी दोन ‘जवळ’ येऊ देऊ नका.

हा नियम लिहिताना तो इतका उघड वाटतो की सांगण्याची लाज वाटावी, पण मी तो सहा महिने मोडत होते. सकाळी सव्वादहाला थोरल्याचा दशांश अपूर्णांकांचा भागाकार आणि धाकटीचे जोडाक्षरांचे वाचन मी एकाच टेबलावर ठेवले होते. तो ‘दशांशचिन्ह कुठे द्यायचे’ विचारी, त्याच क्षणी ती ‘उद्गार’ हा शब्द ‘उदगार’ असा वाचून पुढे निघून जाई. मी त्याला उत्तर देईपर्यंत ती तीन ओळी चुकीच्या वाचून मोकळी झालेली असे, आणि मग मी दोघांवरही आवाज चढवी. नोंदवहीत त्या वेळेला लागोपाठ अकरा फुल्या आहेत. धाकटीचे वाचन आजींकडे, न्याहारीनंतर लगेच, खिडकीतल्या खुर्चीत हलवल्यावर त्या फुल्या संपल्या. आजी शिकवत नाहीत, केवळ ऐकतात आणि चुकले की ‘हं?’ म्हणतात. तेवढे पुरते.

एकत्र करता येतील अशी कामेही शोधा. इतिहासाची गोष्ट, एखादे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणे, नकाशातला खेळ यांत चार वर्षांचे अंतर आड येत नाही. धाकटीला सगळे कळले नाही तरी बिघडत नाही, मात्र तिला त्यावर प्रश्न विचारून तपासू नये.

सावधान: थोरल्या भावंडाला धाकट्याचा कायमचा शिक्षक करू नका. आठवड्यातून एकदा त्याने शिकवणे दोघांच्याही फायद्याचे असते. रोज झाले की त्याचा स्वतःचा ‘जवळ’चा वेळ नकळत गिळला जातो आणि तो तक्रारही करत नाही.

## पायरी ६: तक्ता मांडणे

आता कागद घ्या. डावीकडे घड्याळाच्या वेळा न लिहिता खुंट्या लिहा आणि दोन खुंट्यांच्या मधल्या पट्ट्यात कामे क्रमाने मांडा. ‘९.००, गणित’ असे लिहिले की नऊ वाजून वीस मिनिटे झाल्यावर घरातले सगळे उशीर झाला म्हणून खट्टू होतात. ‘न्याहारीनंतर, गणित’ असे लिहिले की न्याहारी नऊला झाली तरी दिवस वेळेवरच असतो. चांदण्यांच्या पट्ट्यात सर्वांत कठीण ‘जवळ’ काम ठेवा. फुल्यांच्या पट्ट्यात अभ्यास ठेवूच नका; तिथे खाणे, आंघोळ किंवा अंगणात उतरणे ठेवा.

नमुन्यासाठी आमचा पहिल्या पाळीच्या आठवड्यातला दिवस देते. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची, घरात सासूबाई, आणि मी दुपारी दोन ते सहा घरून हिशेबाचे काम करते.

न्याहारी ते मावशी येईपर्यंत (साधारण ८.४५ ते १०.३०). धाकटी आजींजवळ पंधरा मिनिटे वाचते, तेवढ्यात थोरल्याचे गणित माझ्याजवळ सुरू होते आणि पस्तीस मिनिटे चालते. मग तो वीस मिनिटांचे लेखन ‘एकटे’ करतो आणि धाकटीचे वीस मिनिटांचे गणित माझ्याजवळ होते. त्यानंतर दोघेही आंघोळीला. बेरीज केली तर पट्ट्यात भरपूर मोकळा वेळ दिसेल. तो हातचा आहे.

मावशी आल्यापासून जेवणापर्यंत. फरशी ओली असते, म्हणून मुले आतल्या खोलीत. थोरला चाळीस मिनिटे इंग्रजी ‘हाकेवर’ करतो. धाकटी वहीत पंधरा मिनिटे अक्षर गिरवते, मग स्वयंपाकघरात येऊन वीस मिनिटे डाळ-तांदूळ मापते, वाट्या मोजते आणि यादी लिहिते. पोळ्या लाटताना थोरल्याकडून पंधरा मिनिटे पाढे आणि तोंडी हिशेब. मावशी येणार नसतील तर हा पट्टा अर्धा होतो, हे आधीच धरलेले आहे.

जेवण ते दुपारचे दोन. तिघे मिळून अर्धा तास इतिहास किंवा गोष्ट, मोठ्याने.

दोन ते चार. आजींची वामकुक्षी, माझे काम. पहिला पाऊण तास थोरल्याचे मूकवाचन आणि धाकटीची चित्रे. त्यानंतर आवाज न करता काहीही. ‘काहीही’ हा शब्द तक्त्यावर तसाच लिहिलेला आहे.

चार ते साडेपाच. बाबा आल्यावर चहा आणि एक दिवसाआड विज्ञान, किंवा पंख्याचा रेग्युलेटर उघडून बघणे. त्यानंतर मैदान.

थोरल्याची बैठक सुमारे तीन तासांची होते आणि धाकटीची पावणेदोन तासांच्या आत. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे उद्याच्या वह्या, पान उघडून, टेबलावर ठेवण्यात जातात. या दहा मिनिटांवर सकाळचा अर्धा तास अवलंबून असतो, कारण सकाळी ‘कुठपर्यंत आलो होतो’ शोधण्यात मुलाचा उत्साह आणि पालकाचा संयम दोन्ही खर्ची पडतात.

तपासणी: तक्ता पूर्ण झाल्यावर तो घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याने तो केलेला नाही. ‘उद्या तू घरी नसशील तर मी हे चालवू शकेन का?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर कामे फार बारीक चिरली गेली आहेत.

## पायरी ७: पूर्ण, अर्धा आणि किमान दिवस

ही पायरी वगळल्यामुळे चांगले तक्तेही बंद पडतात. घरात ताप येतो, गावाहून पाहुणे येतात, लग्नसराई असते, सिलिंडर संपतो. अशा दिवशी पूर्ण तक्ता जमत नाही म्हणून सगळाच सोडला जातो, आणि एक दिवसाचा खंड बघता बघता आठवड्याचा होतो.

म्हणून एकाच कागदाच्या मागे आणखी दोन दिवस लिहून ठेवा. अर्ध्या दिवसात रोजची यादी आणि एक एकत्र वाचन. किमान दिवसात एवढेच: दहा मिनिटे वाचन, पाच तोंडी गणिते, आणि रात्री वहीत आज काय पाहिले याच्या दोन ओळी. किमान दिवस अंथरुणावर, एसटीत किंवा आत्याच्या घरी ओसरीवर पार पडेल इतका हलका असावा. आज कोणता दिवस हे सकाळी न्याहारीच्या वेळी जाहीर करा. दुपारी दोनला ‘आज जाऊ दे’ म्हणणे आणि सकाळी नऊला ‘आज किमान दिवस’ म्हणणे यांत मुलांच्या दृष्टीने मोठा फरक आहे, कारण दुसऱ्यात काहीही राहून गेलेले नसते.

सावधान: महिन्यात दहाहून जास्त किमान दिवस लागले, तर दोष घराला देऊ नका. तुमचा पूर्ण दिवस फार मोठा आहे.

## पायरी ८: दोन आठवडे चालवणे आणि रविवारची बैठक

नवा तक्ता दोन आठवडे जसाच्या तसा चालवा. तिसऱ्या दिवशी तो चुकीचा वाटेल, तरी हात लावू नका. नोंदवहीत चांदण्या आणि फुल्या मात्र चालू ठेवा. दोन आठवड्यांनी रविवारी मुलांसह बसा. ‘तुम्हाला काय आवडत नाही’ असा सरसकट प्रश्न विचारला तर गणित बंद करण्याचा ठराव होतो. ‘कोणते काम जागा बदलून दुसरीकडे न्यायचे’ असे विचारावे. मग उपयोगाची उत्तरे येतात. आमच्या थोरल्याने लेखन गणिताच्या आधी मागितले, कारण ‘गणितानंतर हात दुखतो’. माझ्या ते ध्यानातही आले नव्हते.

एका रविवारी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि पुढचा आठवडा सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही. बिघडला तर तिन्ही मागे घ्यावे लागतात.

## पायरी ९: वर्षाचा मोठा कागद

दिवस बसला की वर्षाकडे पाहा, आधी नाही. एका मोठ्या कागदावर बारा महिने मांडून गणपती, दिवाळी, घरातली कार्ये, गावी जाण्याचे आठवडे आणि उन्हाळा खुणा करून ठेवा. मे महिन्यात अभ्यास सकाळी सात ते साडेनऊमध्ये उरकावा; विदर्भात तर शाळाही जूनच्या अखेरीपर्यंत उघडत नाहीत, तेव्हा तिथल्या घरांनी मे आणि जूनचा मोठा भाग किमान दिवसांवर काढण्यात संकोच मानू नये. उलट पावसाळ्यात मैदान बंद असते; त्या महिन्यांत संध्याकाळी घरात धावण्या-उड्या मारण्याची सोय केली नाही, तर त्याची किंमत दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पट्ट्यात मोजावी लागते.

बाहेरून परीक्षा द्यायची असेल तर तिच्या तारखा याच कागदावर येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत. दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते आणि गृहकार्याला २० टक्के भार असतो. नोंदणी पाच वर्षे वैध राहत असल्यामुळे सगळे विषय एकाच बैठकीत देण्याची सक्ती नसते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचीही सोय आहे; त्याच्या वयाच्या अटी वेगळ्या आहेत, म्हणून दोन्हीकडची चालू वर्षाची माहितीपत्रके वाचूनच निवड करावी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या तक्त्यात आठवड्यातून एक पट्टा या गृहकार्यासाठी राखून ठेवावा. शेवटच्या आठवड्यात रात्र-रात्र जागून ते लिहिणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्या रात्री त्यांच्या आयाही जाग्याच असतात.

घर बदलले, पाळी बदलली, बाळ आले किंवा घरून होणारे काम पुन्हा कार्यालयात गेले, तर तक्ता दुरुस्त करत बसू नका. सात दिवस पुन्हा नोंद करा आणि खुंट्यांच्या पानापासून सुरुवात करा. दुसऱ्या खेपेला हे सगळे दहा-बारा दिवसांत होते. जुन्या तक्त्याच्या कोपऱ्यात तारीख घालून तो वहीत चिकटवून ठेवा, कारण पाळी पुन्हा पूर्वीसारखी झाली की तोच कागद जसाच्या तसा फ्रिजवर लावता येतो.